‘शेती’ म्हणजे नक्की कोणती शेती? हवामान बदलावरचं संशोधन वाचताना

पेट झाली, इंटरव्ह्यू झाला की पुढचा प्रश्न असतो विषयाचा. पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र अशा विषयांतून संशोधनाची तयारी करणारे आपल्या खान्देशातले बरेच विद्यार्थी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: हवामान बदल आणि शेती. विषय उत्तम आहे. घराच्या मागे शेत असतं, विहिरीचं पाणी दर वर्षी कुठवर उतरतं ते ठाऊक असतं, पीकविम्याचा अर्ज वडिलांसोबत जाऊन भरलेला असतो. शहरातल्या विद्यार्थ्याला जे समजायला दोन वर्षं लागतील, ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

आणि तरीही सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद उघडला की तीच तीन वाक्यं दिसतात. ‘हवामान बदलाचा शेतीवर विपरीत परिणाम होत आहे.’ ‘शेती हेदेखील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे मोठे कारण आहे.’ ‘म्हणून शाश्वत शेती ही काळाची गरज आहे.’ पुढे जळगाव किंवा धुळे जिल्ह्याचं नाव जोडलं की प्रस्तावना तयार.

ही तिन्ही वाक्यं चुकीची नाहीत. अडचण वेगळी आहे. पहिल्या वाक्यात शेती सोसणारी आहे, दुसऱ्यात ती दोषी आहे, तिसऱ्यात तीच तारणहार आहे. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे वेगळी शेती, वेगळा शेतकरी. हा घोळ फक्त आपल्या सिनॉप्सिसमध्ये आहे असंही नाही. मोठमोठ्या अहवालांत आणि पेपरांत तो आहे, आपण तो तिथूनच उचलतो. माझं म्हणणं असं की हवामानाच्या चर्चेत ‘शेती’ हा शब्द एकगठ्ठा वापरला की दोष एकाच्या नावावर जातो, नुकसान दुसऱ्याचं होतं आणि अनुदान तिसऱ्याला मिळतं. संशोधकाचं पहिलं काम हा गठ्ठा सोडायचा. तो कसा सोडायचा, ते आपल्याच दोन जिल्ह्यांच्या उदाहरणांतून बघू.

तीन आकडे, तिन्ही बरोबर

हे तीन आकडे तुमच्या वाचनात कधी ना कधी येतीलच.

पहिला, १४ टक्के. भारताने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालात २०१६ सालच्या एकूण उत्सर्जनातला शेतीचा वाटा इतका दिला आहे.

दुसरा, २३ टक्के. आयपीसीसीने ऑगस्ट २०१९ मध्ये हवामान बदल आणि जमीन या विषयावर विशेष अहवाल काढला. त्यात २००७ ते २०१६ या काळातल्या मानवनिर्मित उत्सर्जनापैकी सुमारे २३ टक्के शेती, वनं आणि जमिनीचे इतर वापर यांतून आलं असं म्हटलं आहे.

तिसरा, ३४ टक्के. क्रिप्पा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर फूड’मध्ये प्रसिद्ध केलेला हा आकडा २०१५ सालच्या जागतिक अन्नव्यवस्थेचा आहे.

आता कुणी भाषणात ‘शेती एक तृतीयांश प्रदूषण करते’ असं म्हणालं, तर ते तिसऱ्या आकड्यावरून. कुणी ‘भारतीय शेतीचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा’ असं म्हणालं, तर ते पहिल्यावरून. दोघं भांडत बसतील, पण ते एका गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत. पहिला आकडा एका देशाचा आहे, बाकीचे दोन जगाचे. पहिल्यात जनावरांच्या पोटातला मिथेन, भातखाचरं, खतामुळे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड, शेणाची साठवण, शेतातला पालापाचोळा जाळणं एवढंच येतं. यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा गुरांच्या रवंथाचाच. दुसऱ्या आकड्यात जंगलतोड मिसळलेली आहे. तिसऱ्यात खताचा कारखाना, ट्रक, शीतगृह, पॅकिंग आणि उकिरड्यावर सडणारं अन्नसुद्धा आहे.

म्हणजे आकडा सांगण्याआधी सीमारेषा सांगायला हवी. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न असेल, संशोधनात अख्खा वाद त्यावर उभा असतो.

रावेरची केळी कोणत्या रकान्यात?

सीमारेषेचा परिणाम बघायचा असेल तर रावेर किंवा यावल तालुक्यातली एक केळीची बाग घ्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तिचं नाव आता कागदोपत्रीही आपलंच आहे. तिचं उत्सर्जन मात्र कागदावर एका जागी सापडत नाही.

बागेला ठिबकमधून नत्र दिलं, त्यातलं थोडं जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडून गेलं. हे ‘शेती’च्या रकान्यात. तेच खत ज्या कारखान्यात तयार झालं, तिथला वायू ‘उद्योग’ आणि ‘ऊर्जा’ या रकान्यांत. बोअरवेलवरचा पंप चालला, त्याची वीज ‘ऊर्जा’ रकान्यात. ठिबकच्या नळ्यांचं प्लास्टिक पुन्हा उद्योगात. सावदा-रावेरहून दिल्लीकडे निघालेल्या मालाचं डिझेल ‘वाहतूक’. आणि बाजारात न विकली जाता सडलेली केळी ‘कचरा’.

आता भुसावळजवळच्या दीपनगरचं औष्णिक केंद्र डोळ्यांपुढे आणा. ते आपल्याच जिल्ह्यात आहे. ग्रीड एकच असल्यामुळे यावलच्या पंपाला दीपनगरचीच वीज मिळते असं म्हणता येणार नाही. पण खोल गेलेलं पाणी उपसायला लागणारी वीज बहुतांशी कोळशावरची, आणि तो कोळसा शेतीच्या १४ टक्क्यांत धरलेलाच नाही, एवढं नक्की म्हणता येईल. उद्या भूजल आणखी ५० फूट खाली गेलं, तर पंप जास्त वेळ चालेल, उत्सर्जन वाढेल आणि राष्ट्रीय हिशेबात ‘शेती’चा आकडा जागचा हलणार नाही.

हिशेब ठेवणाऱ्यांनी लबाडी केली असा याचा अर्थ नाही. एकच टन दोनदा मोजला जाऊ नये म्हणून रकाने वेगळे ठेवावेच लागतात. देशाच्या हिशेबासाठी ती पद्धत योग्यच आहे. चूक वाचणाऱ्याची होते. देशाच्या हिशेबासाठी आखलेला रकाना आपण एका पिकाचा, एका तालुक्याचा निवाडा करायला वापरतो.

मोजमाप कुणाच्या शेतात झालं?

सीमारेषेनंतरचा प्रश्न मोजमापाचा. यासाठी एक जुनी गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघत होता. हा अंदाज मुख्यतः परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून भारताला लावलेला होता. मग १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशात ठिकठिकाणच्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला वर्षाला सुमारे ४० लाख टन. म्हणजे जवळपास नवव्या हिश्श्याइतका.

त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे एक छोटी पुस्तिका काढली. अमेरिकेतल्या एका संस्थेने देशांच्या उत्सर्जनाची क्रमवारी लावून भारत-चीनला मोठ्या दोषींमध्ये बसवलं होतं, त्याला हे उत्तर होतं. गरीब शेतकऱ्याच्या भाताचा आणि गुरांचा वायू हा जगण्यासाठीचा, श्रीमंत देशांतल्या गाड्यांचा वायू चैनीसाठीचा, दोन्ही एकाच तराजूत टाकू नका, असा त्यांचा मुद्दा होता. भारताची आजची भूमिका याच वाटेवरची आहे. २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही, आणि २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत शेती व अन्नव्यवस्थेवरच्या जाहीरनाम्यावरही भारताने सही केली नाही.

मला हा युक्तिवाद मान्य आहे, पण तोही एकगठ्ठा वापरला तर फसतो. पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची बैलजोडी आणि दोन शेळ्या हे जगण्यासाठीचं उत्सर्जन, यात वाद नाही. पण निर्यातीसाठी शंभर एकरांवर केळी लावणारा बागायतदारही त्याच वाक्याच्या सावलीत बसतो. परदेशी तज्ज्ञाने भारताची शेती एकसारखी धरली म्हणून आपण रागावतो, आणि घरी येऊन तेच करतो.

मित्रांच्या मोजणीचा धडा आपल्या केळीला थेट लागू होतो. नायट्रस ऑक्साइडचा अंदाज काढायला बहुतेक पेपर आयपीसीसीचा ठोकळ गुणांक वापरतात. २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र या वायूच्या रूपात जातं असं धरायचं. २०१९ च्या सुधारणेत हा आकडा फोडला: ओल्या हवामानात रासायनिक खतासाठी १.६ टक्के, कोरड्या हवामानात ०.५ टक्के. उष्ण कटिबंधात ओलं म्हणजे वर्षाला १००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. जळगावचा सरासरी पाऊस त्यापेक्षा बराच कमी, म्हणून आपण ‘कोरडे’. पण केळीची बाग कोरडी असते का? तिला वर्षभर, जवळपास रोज पाणी मिळतं. ढगातून कमी आणि ठिबकमधून जास्त, एवढाच फरक. मग ०.५ धरायचा की १.६? निवड बदलली की उत्तर तिपटीहून अधिक बदलतं. याचं उत्तर ग्रंथालयात मिळणार नाही. बागेत पेट्या ठेवून, वायूचे नमुने घेऊन, मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही हंगामांत मोजूनच मिळेल. रिसर्च गॅप म्हणतात तो हा.

एका चौकटीत अख्खा जिल्हा

आतापर्यंत शेती दोषी आहे का, ते बघितलं. आता शेती सोसते त्या बाजूकडे येऊ. इथे अडचण मापाची, म्हणजे किती मोठा तुकडा एक धरायचा याची आहे.

जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच अभ्यासांत तापमानासाठी भारतीय हवामान विभागाचा चौकटींचा डेटा वापरतात. तो फुकट मिळतो, जुन्या काळापासूनचा आहे, स्वच्छ आहे. पण त्यातली तापमानाची एक चौकट १ अंश बाय १ अंशाची असते. आपल्या अक्षांशावर ती साधारण ११,५०० चौरस किलोमीटर भरते. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ११,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे सातपुड्याचा पायथा, तापीकाठची बागायत आणि अजिंठ्याच्या डोंगराकडचा भाग, हे सगळं मिळून जेमतेम एका चौकटीएवढं. पावसाचा डेटा पाव अंशाचा, म्हणून थोडा बारीक. पण तापमानाचा आलेख काढून ‘केळीवर होणारा परिणाम’ असं शीर्षक देताना ही गोष्ट लपते.

आणि केळीला सरासरी तापमानाशी फारसं देणंघेणं नसतं. कुठल्याही केळी उत्पादकाला, एखाद्या आप्पांना विचारा. ते हंगाम सांगतील. कांदेबागेची रोपं कोवळी असताना डिसेंबर-जानेवारीत कडाका पडला की चरका बसतो. मृगबागेचे घड भरत आले असताना मे-जूनमध्ये वादळ आलं की उभी झाडं घडासकट आडवी होतात. वर्षाच्या सरासरीत या दोन्ही घटना दिसणारही नाहीत. एका रात्रीचं किमान तापमान आणि एका संध्याकाळचा वारा, यावर वर्षाचा हिशेब ठरतो.

हे फक्त पेपरपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण हाच मापाचा प्रश्न पैशांचा होतो. केळीसाठीची हवामान आधारित फळपीक विमा योजना शेतातलं नुकसान मोजत नाही, हवामान केंद्रावरची नोंद मोजते. कमी तापमानासाठीची अट गेल्या काही वर्षांत अशी राहिली आहे: हिवाळ्यात सलग ३ दिवस ८ अंश किंवा त्याखाली. नोंद महसूल मंडळातल्या केंद्राची. दोन दिवस ७.५ आणि तिसऱ्या दिवशी ८.३ झालं, तर अट पूर्ण होत नाही. केंद्र गावाजवळच्या उंचवट्यावर आणि बाग नाल्याकाठच्या खोलगट जागेत असेल, तर शांत थंडीच्या रात्री थंड हवा खाली उतरून साचते आणि बागेतलं तापमान केंद्रापेक्षा कमी असू शकतं. पीक गेलेलं असतं, यंत्र म्हणतं थंडी पुरेशी पडली नाही. विमाशास्त्रात या तफावतीला आधारजोखीम म्हणता येईल. शेतकऱ्याच्या भाषेत हे सरळ आहे: हप्ता भरला आणि पैसे आले नाहीत.

राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, ही मोठी सुधारणा आहे. तरीही मंडळातली वीस-पंचवीस गावं एका केंद्रावर तोलली जातात. स्वस्त तापमान-नोंदणी यंत्रं घेऊन एका मंडळात दहा बागांमध्ये एक हिवाळा काढा आणि केंद्राशी तुलना करा. पीएच.डी. सोडा, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये बसेल एवढं काम आहे, आणि त्याचा उपयोग होणारी माणसं तुमच्याच गावात आहेत.

सिंचन वाढलं म्हणजे तग धरायची ताकद वाढली?

देशपातळीवरची जी असुरक्षिततेची मोजणी सगळे उद्धृत करतात, ती हैदराबादच्या क्रिडा या संस्थेची. २०१९ च्या त्यांच्या अहवालात ५७३ ग्रामीण जिल्ह्यांपैकी १०९ अतिजोखमीचे आणि २०१ जोखमीचे ठरले. काम मोलाचं आहे, निधी कुठे आधी द्यायचा हे ठरवायला असा नकाशा लागतोच. पण अशा निर्देशांकांत सिंचनाखालचं क्षेत्र, वीज, बाजारपेठ, साक्षरता या गोष्टी जमेच्या बाजूला धरतात. सिंचन जास्त, म्हणजे जोखीम कमी.

यावल-रावेरमध्ये हे गणित उलटं फिरू शकतं. हे तालुके भूजलाच्या मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदले गेलेले आहेत. म्हणजे जमिनीत मुरतं त्यापेक्षा उपसा जास्त. आज सिंचन आहे म्हणून निर्देशांक म्हणतो तालुका भक्कम आहे. पण ते सिंचन उद्याच्या पाण्यावर काढलेलं कर्ज असेल, तर तीच भक्कम बाजू कच्ची ठरते. निर्देशांकाला आजची पातळी दिसते, दिशा दिसत नाही.

यावर लगेच उत्तर येतं: ठिबक आहे ना! ठिबक आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपं यांसाठी जळगाव देशभर ओळखलं जातं, आणि त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे. एका झाडामागे पाणी वाचतं, खत वाचतं, मजुरी वाचते, पीक लवकर येतं. याला भरपूर पुरावा आहे. पण शेतातली बचत म्हणजे नदीखोऱ्यातली बचत असं आपोआप होत नाही. ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास मांडला. पाट-पाण्यात जे ‘वाया’ जातं, त्यातलं बरंचसं मुरून पुन्हा भूजलाला मिळतं. ठिबकने ते मुरणं थांबतं. आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर केळी लावतो. शेतकऱ्याच्या बाजूने हा निर्णय पूर्ण शहाणपणाचा आहे. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. पण खोऱ्याचा एकूण वापर कमी होतोच असं नाही.

रावेरमध्ये पाणी ठिबकमुळेच खाली गेलं, असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही पुराव्याशिवाय म्हणू नका. केळीचं क्षेत्र, बोअरची खोली, पाऊस, विजेचे तास, बाजारभाव हे सगळे एकाच वेळी हलत असतात. ते सोडवून दाखवायचं असेल तर निरीक्षण विहिरींच्या नोंदी, ई-पीक पाहणीतलं क्षेत्र आणि पावसाचा डेटा एकत्र ठेवावा लागेल. तापी मेगा रिचार्जसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, जिथे गोटे आणि जाड वाळूतून पाणी झपाट्याने मुरतं, तिथे तापीचं पाणी जिरवायचं अशी ही कल्पना. योजना उभी राहायच्या आधीची विहिरींची पातळी आजच नोंदवून ठेवली, तर दहा वर्षांनी कुणाला तरी प्रामाणिक मूल्यमापन करता येईल. नाहीतर तेव्हाही ‘फायदा झाला’ आणि ‘फायदा झाला नाही’ अशी दोन भाषणं होतील.

धुळ्याकडचं उत्तर: यंत्र नव्हे, नियम

आता तापी ओलांडून पांझरेकडे येऊ, कारण शाश्वततेच्या चर्चेत जी गोष्ट निर्देशांकात कधीच बसत नाही, ती धुळे जिल्ह्यात शतकानुशतकं चालत आली: फड पद्धत.

नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पीक कोणतं, हे लाभधारक मिळून ठरवणार. पाळीपाळीने पिकं फडांतून फिरणार. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असेल, तर तूट सगळ्यांवर वाटली जाते.

आजच्या भाषेत याला ‘हवामान-अनुकूल शेती’ म्हणून बक्षीस मिळालं असतं. पण यात यंत्र कुठलंही नाही. आहे तो टंचाई कशी वाटून घ्यायची याचा नियम. यावलचा बोअर आणि पांझरेचा पाट यांतला हा फरक माझ्या मते अख्ख्या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोअरवर प्रत्येकाचा निर्णय स्वतःचा आणि तूट मात्र सगळ्यांची.

फडाचं कौतुक करतानाही गठ्ठा सोडायला विसरू नका. हे पाणी पाटाखालच्या जमिनीलाच मिळायचं. फडाबाहेरचा कोरडवाहू शेतकरी, ज्याची जमीनच नव्हती तो मजूर, यांना त्या न्यायात जागा नव्हती. शिवाय वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीचं वाहणं बदललं आणि बऱ्याच ठिकाणी पद्धत मोडली. ‘जुनं ते सोनं’ म्हणून शोधनिबंध संपवणं सोपं आहे. नियम कुठे टिकला, कुठे मोडला आणि का, हे गावागावांत जाऊन विचारणं अवघड आहे, पण काम तेच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखण्याचे नियम स्वतःच घालून घेतले आणि चारशेहून अधिक हेक्टर वन उभं केलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथलं वन ‘जमीन-वापर’ रकान्यात जातं, त्याखालच्या शेतांत टिकलेली ओल कुठल्याच रकान्यात जात नाही.

वाचताना विचारायचे चार प्रश्न

तर पुढचा पेपर उघडाल तेव्हा हे चार प्रश्न वहीच्या समासात लिहा.

एक, सीमारेषा कुठे आखली आहे? खताचा कारखाना, वीज, वाहतूक, जंगल यांतलं काय आत आहे आणि काय बाहेर?

दोन, आकडा मोजलेला आहे की गुणांकाने काढलेला? गुणांक असेल तर तो कुठल्या मातीतला, कुठल्या पाण्याखालचा?

तीन, सगळ्यात लहान तुकडा कोणता? जिल्हा, मंडळ की शेत? आणि नुकसान ज्या मापात होतं त्याच मापात मोजलंय का?

चार, वाक्यातून ‘शेती’ हा शब्द काढून ‘कोरडवाहू कापूसवाला’, ‘केळीचा बागायतदार’, ‘सालदार’ असं एकेक नाव घाला. वाक्य तरीही खरं राहतं का? राहत नसेल, तर तिथेच तुमचा संशोधन-प्रश्न आहे.

चौथ्या प्रश्नाचा एक नमुना देऊन थांबतो. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपण ज्याला पोकरा म्हणतो, १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांत सुरू झाला. पहिल्या टप्प्यात जळगाव आत होता, धुळे बाहेर. पारोळा तालुका आणि धुळे तालुका यांच्या हद्दीवर उभे राहिलात तर दोन्हीकडे तीच काळी माती, तोच कापूस, तोच लहरी पाऊस. फरक फक्त कागदावरच्या रेषेचा. रेषेच्या अलीकडच्या प्रकल्पातल्या गावांत शेततळं, ठिबक, सुधारित बियाणं यांना मदत मिळाली, पलीकडे त्या प्रकल्पाची मदत नव्हती. मग २०१८ नंतरच्या कोरड्या वर्षांत अलीकडच्या शेतकऱ्याने खरंच जास्त तग धरला का? त्यातही अलीकडच्या कुणी धरला, ज्याच्याकडे विहीर होती त्याने की ज्याच्याकडे नव्हती त्यानेही?

रेषेच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा गावं निवडा, शंभर-दीडशे घरं करा, २०१८ च्या आधीची आणि नंतरची पिकं विचारा, ७/१२ वरच्या पीकपेऱ्याशी ताडून बघा. जळगावहून आणि धुळ्याहून एसटीने एका दिवसात जाऊन येता येईल असं क्षेत्र आहे. गाईडकडे जाताना ‘हवामान बदलाचा शेतीवरील परिणाम’ या शीर्षकाऐवजी हा प्रश्न घेऊन जा.